सरी म्हणेपर्यंत

१२ जानेवारी १९९७, रविवार

पोचले एकदाची बंगळूरला. सोबत दोन बॅगा, एक वळकटी आणि आईनं शपथ घालून दिलेली प्लास्टिकची बादली. बादली इथेही मिळते हे तिला सांगून उपयोग नव्हता. निघताना बाबा म्हणाले, वाघच बघायचे तर आपल्या नागपूरपासून दोन तासांवर आहेत, त्यासाठी एवढ्या लांब कशाला? मी म्हटलं, बघायला नाही, मोजायला चाललेय. त्यावर ते गाडी सुटेपर्यंत हसत होते.

मल्लेश्वरममध्ये आठव्या क्रॉसला, म्हणजे आठव्या आडव्या गल्लीत, माडीवरची खोली मिळालीय. खिडकीतून दोन नारळ आणि समोरच्यांचा दिवाणखाना दिसतो. दुपारीसुद्धा हवा इतकी गोड, की नागपूरच्या माणसाला कुणीतरी आपली थट्टा करतंय असं वाटावं. एकोणतिसाव्या वर्षी का होईना, मनाजोगं काम मिळालं. मी फार खूश आहे, आणि हे इथे लिहून ठेवते, कारण तक्रारी लिहायची सवय मला पुष्कळ आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ऑफिसात पाऊल ठेवल्याबरोबर हातावर तीळ, गूळ, खोबरं आणि ऊस आला. संस्थेचं नाव ‘अरण्यसाथ’. एक जुनी बैठी बंगली, मागे फरसबंदी अंगण, अंगणात फणस. संस्था प्रतापरावांनी काढली. साठीचे गृहस्थ, पूर्वी फौजेत होते. त्यांचं घराणं इथे किती पिढ्यांपासून आहे ते त्यांनाही मोजता येत नाही. मराठी आमच्यासारखंच बोलतात, फक्त मधेच एखादा कन्नड शब्द खड्यासारखा लागतो. शिस्तीचे मात्र भलतेच कडक. माझी पेन्सिल कुठल्या पेल्यात ठेवायची तेही ठरलेलं आहे.

काम असं. इथून सव्वादोनशे किलोमीटरवरच्या जंगलात एका वाटेवर चौदा कॅमेरे झाडांना बांधलेले आहेत. समोरून जनावर गेलं की फ्लॅश पडतो आणि फोटो निघतो, खाली तारीख-वेळ छापून. आमचे रघुजी दर दहा-बारा दिवसांनी रोल घेऊन बसनं येतात. स्टुडिओतून फोटो धुऊन आले की मी भिंग घेऊन बसायचं आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखायचा. डाव्या कुशीवरचे पट्टे डाव्याशी, उजव्या कुशीवरचे उजव्याशी. जुळला की त्याच्या कार्डावर बरोबरची खूण.

२२ जानेवारी, बुधवार

आज पहिला वाघ जुळवला आणि भर ऑफिसात टाळ्या पिटल्या. प्रतापरावांनी चष्म्यावरून पाहिलं, मग तेही हसले.

एक गंमत लिहायची राहिली. प्रत्येक रोलचा पहिला फोटो माणसाचा असतो, आणि तो माणूस रांगत असतो! कॅमेरा बांधून झाला की तो वाघाच्या उंचीला बरोबर लागला का ते तपासावं लागतं. मग एकानं गळ्यात कॅमेऱ्याच्या नंबराची आणि तारखेची पाटी अडकवायची आणि वाघ होऊन समोरून रांगत जायचं. दुसरा कॅमेऱ्याजवळ बसतो. सगळं ठीक असलं की तो ‘सरी’ म्हणतो, म्हणजे ठीक, झालं. तोवर रांगणाऱ्यानं उठायचं नाही. पुन्हा इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. हा नियम प्रतापरावांचा. पन्नाशीचे, पोट सुटलेले रघुजी गळ्यात पाटी घालून रांगताना पाहून मी इतकी हसले की ते म्हणाले, हसा अक्का हसा, एकदा तुमालाबी रांगायला नेतो.

माणसांचे फोटो आम्ही बघत नाही. मोळीवाले, गुराखी, आमचीच माणसं, सगळे एका खोक्यात जातात. खोक्यावर लिहिलंय ‘माणसं’.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज कृष्णाबाई आल्या. के. आर. पुरमहून दोन बस बदलून. इरकली लुगडं, हातात कोडबळ्यांचा, म्हणजे आपल्या कडबोळ्यांचा, डबा. मला वाटलं काही विकायला आल्या असतील, आणि मी तसं विचारलंही. अजून लाज वाटतेय.

त्या विठोजीच्या आई. विठोजी हा संस्थेचा सगळ्यात चांगला माणूस होता म्हणे. मार्च पंच्याण्णवमध्ये नवव्या कॅमेऱ्याजवळ नाहीसा झाला. फक्त चपला सापडल्या. दोन महिने शोधलं. घरी त्याचा शाळेतला एक फोटो सोडला तर काही नाही. आहेत ते इथे, त्या खोक्यात, रोलचे पहिले फोटो. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या येतात, खोकं मांडीवर घेतात आणि रांगणारा मुलगा बघतात. प्रतापराव घरी नेण्यासाठी प्रती काढून द्यायला तयार होते. त्या म्हणाल्या, घरी कुणाला दाखवू? इथे निदान तुम्ही त्याला ओळखता.

आज मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले तर त्यांनी एक फोटो वेगळा काढून धरला होता. विठोजी रांगतोय, मान खाली. म्हणाल्या, केस पांढरे झाले की गं ह्याचे.

खाली तारीख होती २० जानेवारी ९७, सकाळचे अकरा चाळीस.

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रतापराव म्हणतात, बॅटरी काढली की घड्याळ चुकतं, त्यात काय. मला ते पटलं असतं तर बरं झालं असतं. पण हा नवव्या कॅमेऱ्यात जानेवारीत घातलेला कोरा रोल. निगेटिव्ह काढून पाहिली. विठोजीचा फोटो पहिला नाही, सतरावा आहे. त्याच्या आधी एकोणीस तारखेचा गवा, नंतर एकवीस तारखेची रानकुत्री.

मग जे मला येतं तेच केलं. जुना फोटो डावीकडे, नवा उजवीकडे, आणि भिंग. विठोजीच्या सदऱ्याच्या डाव्या बाहीला कोपराजवळ वेगळ्या चौकटीचं ठिगळ आहे, कृष्णाबाईंनीच लावलेलं. दोन्हीकडे तेच ठिगळ, तोच वाकडा टाका. पाच मिनिटांत जुळलं. कार्डावर खूण करायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला.

हा फोटो स्टुडिओतून आला तेव्हा पहिल्यांदा माझ्याच हातात आला होता. नियमाप्रमाणे न बघता मीच खोक्यात टाकला. एका आईला तो असा सापडायला नको होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रघुजींनी नवे रोल आणले. आता माणसांचे फोटोही मी बघते. सातव्या कॅमेऱ्यात तो आहे, सहाव्यात आहे, चौथ्यातही. प्रत्येकात एकदाच, दिवसाउजेडी, मान खाली. पाटीवर नंबर नऊच, तारीख मात्र खडूनं त्या त्या दिवसाची. चौदावा कॅमेरा आत दाट रानात आहे आणि पहिला फाटकाशी. तो बाहेर येतोय.

मी ते फोटो रघुजींपुढे ठेवले. ते खाली फरशीवरच बसले. मग बोलले ते असं. दोन वर्षांपूर्वी नवव्या कॅमेऱ्यापाशी ते दोघेच होते. विठोजी रांगत होता, रघुजी कॅमेऱ्याजवळ. बांबूतून हत्ती आला. रघुजी ओढ्याच्या दिशेनं पळाले. तोंडातून शब्द फुटला नाही, ना पळ म्हणाले, ना सरी. वर चढावर जाऊन एकदाच मागे पाहिलं. विठोजी मान खाली घालून अजून रांगतच होता. मागची सळसळ रघुअण्णाचीच आहे असं त्याला वाटलं असणार. आधीच्या वर्षी एकदा तो सरी म्हणायच्या आत उठला होता, कॅमेरा उंच लागला आणि महिनाभराचं काम वाया गेलं. प्रतापरावांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. त्यानंतर तो कधीच आधी उठला नाही.

रघुजींनी आजवर सगळ्यांना सांगितलं होतं की काम संपवून दोघे वेगळे झाले. दोन वर्षं हा माणूस त्याच वाटेवर जाऊन पाटी गळ्यात घालून रांगतोय. त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. फार वाईट वाटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कृष्णाबाईंना बोलावून घेऊन मी सगळं सांगितलं. प्रतापराव नको म्हणत होते. पण आईपासून लपवण्याचं पाप माझ्याच्यानं झालं नसतं.

त्या रडल्या नाहीत. रघुजी दाराशी उभे होते, त्यांच्याकडे पाहिलंही नाही. फोटो ओळीनं लावले. नऊ, सात, सहा, चार. बोटानं वाट काढली. मी म्हटलं, कुणीतरी त्याला सरी म्हणायला हवं, म्हणजे सुटेल बिचारा. तशा त्या माझ्यावर एकदम कडाडल्या. म्हणाल्या, सरी म्हटलं की काम झालं, आणि काम झालेला माणूस निघून जातो. आता निदान येतोय तरी. स्वल्प उशीर होऊ दे, पण येऊ दे. कुणी त्याला काही म्हणायचं नाही, पोरी, तू तर नाहीच.

माझा हात आपल्या हातात घेऊन त्यांनी वचन घेतलं. मी दिलं. समोर ती बाई बसलेली असताना नाही कसं म्हणणार होते?

२६ फेब्रुवारी, बुधवार

तो पहिल्या कॅमेऱ्यात, फाटकाशी. तारीख चोवीस.

पँट गुडघ्यांवर फाटलीय. हाताची बोटं आत वळलीत. चालणाऱ्याचे हात असे नसतात, पंजे असे असतात. हे मी लिहायला नको होतं.

रघुजी म्हणाले, कृष्णाबाईंचं न ऐकता ते सगळ्या वाटेनं सरी सरी ओरडत फिरले. पण ज्याला तो दिसतो त्यानंच म्हणायचं असतं, बघून. त्यांना तो दिसला नाही.

प्रतापरावांनी आज सगळे कॅमेरे उतरवून आणले. चौदाच्या चौदा, जीपमधून. माझ्या टेबलामागे रचून ठेवलेत. कॅमेरेच नाहीत तर फोटो नाहीत, विषय संपला, म्हणाले.

४ मार्च, मंगळवार

चुकलं. आम्हा सगळ्यांचं चुकलं. तो घरी चाललाय असं आम्ही धरून चाललो. त्याला घराचं काही नाही. त्याला कॅमेऱ्यापुढून जायचंय आणि जो बघत असेल त्यानं सरी म्हणायला हवंय.

कॅमेरे माझ्या पाठीशी आहेत. आणि बघणारी मी.

जनावर दिवसाला किती चालतं याचा हिशेब आम्ही नेहमी करतो. सवयीनं तोही केला. रांगणारा माणूस तासाला किती जातो, उजेडाचे तास किती. दिवसाला चौदा किलोमीटर. सव्वादोनशे भागिले चौदा. सोळा दिवस. जीप निघाली सव्वीसला.

हिशेब खोडून टाकला. उपयोग नाही, पाठ झालाय.

८ मार्च, शनिवार

रघुजी त्याचा माग काढत निघालेत. त्यांचा फोन, म्हैसूर रस्त्यावरच्या कुठल्याशा खेड्यातून. रस्त्याकडेच्या मातीत दोन हातांचे ठसे, आणि मागे ओढत गेलेल्या दोन रेघा. पुढे डांबर लागलं आणि माग गेला. म्हणाले, अक्का, त्या रेघा ओल्या आहेत. मग नुसतेच रडत राहिले.

प्रतापरावांना सांगितलं. ते पुढच्या दाराशी किल्ल्या हातात घेऊन उभे होते. एवढंच म्हणाले की नियम माझा होता. गाडीत बसले आणि गेले.

मला नागपूरला जाता येईल. तिकीट मिळेल. पण मग त्याला कोण बघणार?

१० मार्च, सोमवार

हिशेब सांगितला तेव्हापासून कृष्णाबाई रोज येतात. मला अंगणातल्या फणसाला कॅमेरा बांधायला लावला. गुडघ्याच्या उंचीला. पायरीवर बसून राहतात. शेजारी डबा. त्याला कोडबळी आवडतात.

मी आत, टेबलाशी. दार उघडं. बंद केलं तर त्या उघडतात.

१२ मार्च, बुधवार

झोप नाही. रस्त्यावर कुत्री ओरडली तरी— काही नाही, कुत्रीच होती.

कृष्णाबाई त्याच्याशी बोलायची तयारी करताहेत. काय विचारायचं, काय नाही. मी ऐकते. ऐकवत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

अकरा चाळीसला अंगणात फ्लॅश पडला. मी डोळे मिटून घेतले होते, खरं सांगते. कृष्णाबाईंना तेवढ्यात डुलकी लागली होती. उघडले तेव्हा अंगण रिकामं. फरशीवर—

रोल काढला. स्टुडिओत तासभर बसून राहिले.

तोच. ठिगळ तेच. गुडघे नाहीत. म्हणजे गुडघ्यांच्या जागी जे आहे ते— मला लिहिता येत नाही. ह्या पायांनी तो सव्वादोनशे किलोमीटर.

दाखवू नये असं वाटलं. त्यांनी हातातून घेतला. पुष्कळ वेळ बघत होत्या. मग पदरानं फोटोतले त्याचे गुडघे पुसले.

म्हणाल्या, पुरे झालं. माझ्या हौसेपायी पोराचे पाय गेले. सरी ऐकलं नाही, म्हणजे उद्या पुन्हा रांगत येईल, तेव्हा तू सरी म्हण, पोरी. आईच्या तोंडून ते यायचं नाही. आणि कॅमेऱ्यापाशी बसलेल्यानंच म्हणायचं असतं ना.

मी बरं म्हटलं. भीती वाटतेय. पण त्याहून जास्त त्याची कीव येतेय.

१५ मार्च, शनिवार

साडेदहा. टेबल दाराशी ओढून घेतलंय. इथून अंगण सगळं दिसतं. कॅमेरा हाताच्या अंतरावर. लिहीत राहिले की इथून उठून पळणार नाही.

कृष्णाबाई पायरीवर. केस विंचरून आल्यात.

अकरा वीस. काही नाही. शेजारी कुणीतरी कपडे आपटतंय.

अकरा पस्तीस. आवाज बंद.

भिंतीकडून. आला— मान खाली. पाटी फरशीला घासतेय, तेवढाच आवाज. उन्हात आहे, सगळा दिसतोय. नुसता फोटोतलाच नाही, खरा. वास मातीचा, ओल्या पानांचा. कृष्णाबाई उठल्या नाहीत. हात तोंडावर.

फ्लॅश.

म्हटलं. मी म्हटलं. सरी, विठोजी. सरी, झालं. आवाज फाटला माझा, पण ऐकलं त्यानं. थांबला.

थांबलाय. उठत नाही.

एक हात उचलला— पुन्हा खाली. पुन्हा उचलला. त्याला उभं राहता येत नाहीये. दोन वर्षं— त्याला माहीत नाही कसं उठायचं— फरशीवरच धडपडतोय. एक आवाज काढतोय, माणसासारखा नाही.

कृष्णाबाई गेल्या त्याच्याजवळ. काखेत हात घातलेत. ऊठ, बाळा, ऊठ, पाय टेक, असा, हां— वर्षाच्या पोराला म्हणतात तसं. तो कलंडला त्यांच्या अंगावर. पुन्हा उचलताहेत. साठ-पासष्ट वर्षांची बाई, तिला झेपत नाही.

मला हाक मारताहेत. दुसरी बाजू धर म्हणताहेत.

त्याची मान अजून खालीच आहे. वर करेल तेव्हा मी अगदी जवळ असेन. मला ते तोंड बघायचं नाही. देवा, मला नाही बघायचं—

पण त्या एकट्यानं कसं— आले, कृष्णाबाई, आले मी, सोडू नका त्याला, मी आ